वैऱ्याला दिलेला शब्द

दरवर्षी १ जानेवारीला दिल्ली आणि इस्लामाबाद येथे एकाच वेळी एक छोटा सरकारी विधी पार पडतो. भारत आपल्या अणुप्रकल्पांची यादी पाकिस्तानच्या उच्चायुक्तालयाच्या हाती देतो, पाकिस्तान आपली यादी भारताच्या उच्चायुक्तालयाला देतो. यादीत प्रत्येक ठिकाणाचे अक्षांश-रेखांश असतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते आणि आपण ती न वाचता पान उलटतो.

२०२६ च्या जानेवारीत ही बातमी माझ्या भाच्याने वाचली. कॉलेजात शिकणारा, हुशार मुलगा. जुम्याच्या नमाजनंतर घरी आला आणि म्हणाला, "मामू, गेल्या मे महिन्यात एकमेकांवर क्षेपणास्त्रं टाकली. आणि आता त्यांनाच आपला पत्ता लिहून द्यायचा? हे कुठलं शहाणपण?"

मी त्याला काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. पण प्रश्न मनातून जाईना. कारण तो केवळ परराष्ट्र धोरणाचा प्रश्न नव्हता. ज्याच्यावर आपला विश्वास नाही, ज्याने आपल्याला जखमा केल्या आहेत, त्याला दिलेला शब्द पाळायचा की नाही? आणि पाळायचा तर कशासाठी? हा प्रश्न मुळात नीतीचा आहे.

आधी कराराची हकिकत पाहू. ७ जून १९८१ रोजी इस्रायलने इराकच्या ओसिराक अणुभट्टीवर बॉम्ब टाकले. उद्या असेच आपल्या भट्टीवर होईल ही धास्ती तेव्हापासून आपल्या उपखंडातही शिरली. पाकिस्तानला कहुटाची काळजी होती, आपल्याला तुर्भ्याची आणि तारापूरची. डिसेंबर १९८५ मध्ये राजीव गांधी आणि झिया उल हक यांच्यात तोंडी समजूत झाली आणि ३१ डिसेंबर १९८८ रोजी, बेनझीर भुट्टो पंतप्रधान असताना, इस्लामाबादेत लेखी करार झाला. एकमेकांच्या अणुप्रकल्पांवर हल्ला करायचा नाही, तसे करायला कुणाला उत्तेजन द्यायचे नाही आणि दरवर्षी १ जानेवारीला प्रकल्पांची ठिकाणे कळवायची, एवढाच त्याचा गाभा आहे. २७ जानेवारी १९९१ पासून तो लागू झाला आणि १९९२ पासून याद्या दिल्या जाऊ लागल्या. कारगिल झाले तरी दिल्या गेल्या. संसदेवरील हल्ल्यानंतर सैन्ये सीमेवर समोरासमोर उभी असताना दिल्या गेल्या. २६ नोव्हेंबरच्या मुंबई हल्ल्यानंतर जेमतेम पाच आठवड्यांनी दिल्या गेल्या. पुलवामानंतर दिल्या गेल्या. २०२६ ची यादी ही सलग पस्तिसावी.

या करारात एक गोष्ट विलक्षण आहे. त्यात तपासनीस नाही. यादी खरी की खोटी, पुरी की अपुरी, हे पाहणारा तिसरा कुणी नाही. मोडल्यास काय शिक्षा, हेही लिहिलेले नाही. याद्या अपुऱ्या असल्याच्या शंका दोन्हीकडून व्यक्त झाल्या, तरी देवाणघेवाण थांबली नाही. म्हणजे हा करार निव्वळ शब्दावर उभा आहे.

याच्या शेजारी दुसरा करार ठेवून पाहा. १४ जुलै २०१५ रोजी व्हिएन्नात इराण आणि सहा मोठ्या राष्ट्रांमध्ये अणुकरार झाला. परिशिष्टांसह दीडशेहून अधिक पानांचा. युरेनियमचे शुद्धीकरण ३.६७ टक्क्यांच्या वर न्यायचे नाही, साठा ३०० किलोच्या वर ठेवायचा नाही, कॅमेरे, मोहोरबंद यंत्रे, आंतरराष्ट्रीय निरीक्षक, सारा बंदोबस्त होता. इराण अटी पाळत आहे असे निरीक्षक वेळोवेळी सांगत होते. तरीही ८ मे २०१८ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी एकतर्फी माघार घेतली आणि निर्बंध पुन्हा लादायला सुरुवात केली. इराणने वर्षभर वाट पाहिली, मग त्यानेही एकेक अट ओलांडायला सुरुवात केली आणि २०२१ मध्ये शुद्धीकरण ६० टक्क्यांपर्यंत नेले. जून २०२५ मध्ये इस्रायलने आणि पाठोपाठ अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर हल्ले केले. सप्टेंबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध परत आले. दहा वर्षांपूर्वी ज्याला मुत्सद्देगिरीचा विजय म्हटले, त्याचे कागद तेवढे उरले.

मग असे म्हणायचे का, की जिथे पहारा होता तिथे शब्द मोडला आणि जिथे पहारा नव्हता तिथे टिकला? हे ऐकायला गोड वाटते, पण इतके सोपे नाही. भारत-पाकिस्तान करार टिकला यामागे दोघांचा स्वार्थ आहे, भीती आहे. तारापूरला काही झाले तर वारा हद्द विचारून वाहणार नाही. कराचीच्या भट्टीचेही तेच. दोघांच्याही मानेवर एकच सुरी आहे. तेव्हा कुणी विचारेल की यात नीती कसली? हा तर व्यवहार झाला. करार मोडणाऱ्याला शासन करणारी सत्ता डोक्यावर नसेल, तर तो पाळण्याची हमी कुणी देऊ शकत नाही, असे इंग्लंडच्या थॉमस हॉब्जने सतराव्या शतकात मांडले होते. राष्ट्रांच्या डोक्यावर अशी सत्ता नाही. म्हणजे भीती आहे तोवर करार आहे, भीती सरली की करार सरला.

हा आक्षेप मला खरा वाटतो, पण अपुरा वाटतो. तो का अपुरा वाटतो, हे सांगण्यासाठी मला आपल्या सर्वांच्या परिचयाच्या दोन प्रसंगांकडे जावे लागेल.

पहिला बद्रच्या वेळचा. हुजैफा बिन यमान आणि त्यांचे वडील मदीनेकडे निघाले असता कुरैशांनी त्यांना अडवले. मुहंमद (स.) यांच्या बाजूने लढणार नाही असा शब्द घेऊनच सोडले. हा शब्द दडपणाखाली दिलेला होता. लढाई तोंडावर होती, मुसलमान जेमतेम तीनशेच्या घरात आणि समोर तिप्पट फौज. दोन माणसे वाढली असती तर हवीच होती. पण प्रेषितांनी दोघांना परत पाठवले. शब्द दिला आहे ना, तर तो पाळा, मदत आपण अल्लाहकडे मागू, असा त्यांच्या सांगण्याचा आशय सहीह मुस्लिममध्ये आला आहे. इथे कसली भीती होती? स्वार्थ तर उलट दिशेला होता.

दुसरा प्रसंग हुदैबियाचा, इसवी सन ६२८ चा. दहा वर्षांचा युद्धविराम ठरत होता. मक्केहून कुणी मुसलमान पळून मदीनेला आला तर त्याला परत करायचे, मदीनेहून कुणी मक्केला गेला तर मात्र परत मागायचे नाही, अशी उघड उघड एकांगी अट होती. मसुद्यातून 'रसूलुल्लाह' हे शब्दही काढावे लागले. हजरत उमर यांच्यासारखा माणूसही अस्वस्थ झाला. आणि शाई वाळते न वाळते तोच कुरैशांच्या वतीने बोलणी करणाऱ्या सुहैल बिन अम्र यांचाच मुलगा, अबू जंदल, पायांत बेड्या ओढत तिथे आला. तो मुसलमान झाला होता म्हणून बापानेच त्याला डांबले होते. त्याला सूट द्या अशी विनंती प्रेषितांनी केली. सुहैल यांनी ती मानली नाही. आणि अबू जंदलला सबुरीचा सल्ला देऊन परत पाठवावे लागले.

आपल्या मशिदींतल्या बयानात हुदैबिया नेहमी 'उघड विजय' म्हणून सांगितला जातो, आणि पुढचा इतिहास पाहता ते बरोबरच आहे. पण विजयाच्या घाईत आपण अबू जंदलच्या बेड्या विसरतो. काही जण तर हुदैबियाला एक डावपेच ठरवतात. ताकद नव्हती म्हणून तह केला, ताकद येताच मक्का घेतली, असे सांगतात. आपल्यावर टीका करणारेही हेच सांगतात, आणि दुर्दैवाने आपल्यातले काही जण ते अभिमानाने सांगतात. वस्तुतः तह मोडला तो कुरैशांच्या बाजूने. त्यांच्या मदतीने बनू बक्र टोळीने मदीनेशी जोडलेल्या खुजाआ टोळीवर हल्ला केला, त्यानंतर. डावपेच असता तर अबू जंदलला ठेवून घेण्याइतके सोपे काही नव्हते. सारे साथी त्यासाठी आतुर होते.

तेव्हा वैऱ्याला दिलेला शब्द हीच शब्दाची खरी परीक्षा असते. मित्राशी करार करण्याची गरजच कमी असते. सूरह तौबा ही आपल्या टीकाकारांना फार कठोर वाटते. पण त्याच सूरहमध्ये, ज्या मूर्तिपूजक टोळ्यांनी करार पाळला त्यांच्याशी मुदत संपेपर्यंत तो पुरा पाळा, असेही बजावले आहे, हे किती जण वाचतात?

आता हे केवळ धर्मग्रंथांत घडते असे कुणी म्हणू नये, म्हणून आपल्याच नदीकाठी येऊ. कोल्हापूर आणि साताऱ्याच्या गाद्या एकाच घराण्याच्या. साताऱ्याचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजीराजे चुलतभाऊ. वाटणीवरून वैर इतके वाढले, की संभाजीराजे निजामाला जाऊन मिळाले. १७३० मध्ये शाहू महाराजांच्या फौजेने त्यांचा पराभव केला. पुढे १३ एप्रिल १७३१ रोजी वारणेचा तह झाला. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरला, आणि एकाशी वैर करणाऱ्याचे पारिपत्य दुसऱ्यानेही करायचे असे ठरले. शाहू महाराज हयात असेपर्यंत, म्हणजे १७४९ पर्यंत, दोन्ही गाद्यांत पुन्हा मोठे युद्ध झाले नाही. आजही वारणा बऱ्याच अंतरापर्यंत सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांची हद्द आहे. जिंकणाऱ्याने हरलेल्या भावाला पुसून टाकले नाही, हद्द आखून दिली. याचा फायदा दोन राजांपेक्षा जास्त कुणाला झाला? शिराळा, वाळवा, पन्हाळा, शाहूवाडी या पट्ट्यातल्या रयतेला. तिच्या शेतांतून फौजा जायच्या थांबल्या. तहाच्या कागदावर मात्र रयतेची सही नव्हती.

मला वाटते, आपल्या प्रश्नाची किल्ली इथे आहे. करारात दोन पक्ष असतात असे आपण समजतो. प्रत्यक्षात तिसरा एक पक्ष नेहमी असतो. त्याला कुणी बोलावत नाही, त्याची सही नसते, पण करार मोडला की पहिला घाव त्याच्यावर बसतो. तारापूरच्या आसपासच्या गावांतला कोळी, कराचीच्या किनाऱ्यावरचा कोळी, हा तो तिसरा पक्ष. घाट उतरून गेले की राजापूर तालुक्यात जैतापूर आहे. तिथे मोठा अणुप्रकल्प योजलेला आहे आणि साखरी नाटे गावच्या मच्छीमारांनी, ज्यांत बहुसंख्य आपलेच लोक आहेत, त्याला वर्षानुवर्षे विरोध केला आहे. तो प्रकल्प कधी उभा राहिला, तर त्याचेही अक्षांश-रेखांश त्या यादीत जातील. म्हणजे त्या मुलाबाळांची सुरक्षितता, इतर गोष्टींबरोबरच, इस्लामाबादला दिलेल्या एका पाकिटावर अवलंबून राहील.

इथे सर्वांत कठीण आक्षेप येतो, आणि तो टाळून चालणार नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला २६ निरपराध माणसे मारली गेली, धर्म विचारून मारली गेली. ज्या देशातून दहशतवाद पोसला जातो त्याच्याशी करार कसले पाळता? भारताने दुसऱ्याच दिवशी १९६० चा सिंधू पाणीवाटप करार स्थगित ठेवल्याचे जाहीर केले. पाकिस्ताननेही सिमला करारासह सर्व द्विपक्षीय करार स्थगित ठेवण्याचा हक्क राखून ठेवला. मग अणुप्रकल्पांचा करार तेवढा का वाचावा? मेच्या लढाईत पाकिस्तानातील किराणा टेकड्यांवर मारा झाल्याच्या वावड्या उठल्या, तेव्हा आपल्या हवाई दलाने त्याचा जाहीर इन्कार केला. तो इन्कार करावासा वाटला, हेच त्या कराराचे वजन. पण पुढच्या वेळी?

एक मुसलमान लेखक म्हणून हे लिहिताना हात थोडा थबकतो, हे कबूल करतो. 'पाकिस्तानशी केलेला करार पाळा' हे वाक्य माझ्या नावाखाली छापले गेले, तर त्याचा अर्थ वेगळा लावणारे पुष्कळ निघतील. हेच वाक्य दुसऱ्या कुणी लिहिले तर तो शांततावादी ठरतो. पण पहलगामच्या खुन्यांबद्दल माझ्या मनात तिरस्काराखेरीज काही नाही, हे सिद्ध करण्यासाठी मी विचार करणे सोडून द्यावे, हे मला मान्य नाही.

तर उत्तर असे. करार सोडण्याचा हक्क कुणाला कधीच नसतो, असे मी म्हणत नाही. सूरह अनफालमध्येही त्याची वाट सांगितली आहे. दगाफटक्याची खरी भीती असेल तर करार उघडपणे परत करा, म्हणजे दोन्ही बाजूंना आपण कुठे उभे आहोत ते समजेल. आतून मोडायचा आणि वरून पाळल्याचे दाखवायचे, हे मात्र निषिद्ध. शत्रूने शब्द मोडला तर त्याच्याबाबतीतले माझे बंधन सैल होऊ शकते. पण तिसऱ्या पक्षाबाबतचे बंधन कसे सैल होईल? त्याने तर काहीच मोडलेले नाही. सरकारला धडा शिकवायचा म्हणून अणुभट्टी फोडली, तर शिक्षा भोगणार ती भट्टीच्या सावलीत राहणारी माणसे, आणि त्यांच्यानंतर जन्मणारी मुले. त्यांचा जीव ही दोन्ही सरकारांकडची अमानत आहे. आणि अमानत ठेवणाऱ्याचा शेजारी बदमाश निघाला, म्हणून अमानत खाता येत नाही.

हॉब्जला माझे उत्तरही हेच आहे. करार भीतीपोटी जन्मला असेल. पण पस्तीस वर्षे, सहा-सात सरकारे, तीन-चार युद्धप्रसंग ओलांडून तो पाळला गेला, की त्याला सवयीचे, मग रीतीचे आणि हळूहळू नीतीचे रूप येते. भीतीने लावलेले झाडही सावली देतेच. ते तोडणे सोपे, लावणे अवघड. इराणच्या करारात नेमके हेच हरवले. ज्यांनी तो मोडला त्यांनी केवळ तेहरानच्या राज्यकर्त्यांना दुखावले नाही. 'करार करून काय मिळते?' असे विचारणाऱ्यांच्या हाती त्यांनी पुढच्या अनेक वर्षांसाठी पुरावा दिला.

पण राष्ट्रांना उपदेश करून थांबलो तर ती लबाडी होईल. आपल्या घरात शब्दाची काय गत आहे?

आपण अमेरिकेच्या एकतर्फी माघारीवर तावातावाने बोलतो. पण एका दमात तीनदा शब्द उच्चारून निकाह मोडणारा पुरुष वेगळे काय करत होता? निकाह हा कुरआनने दृढ म्हटलेला करार. त्यात बायको दुसरा पक्ष आणि मुले तिसरा. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती प्रथा रद्द ठरवली. ते काम आपण कितीतरी आधी आपल्या हाताने करायला हवे होते. आणि मेहर? कितीजणांनी दिली? जनाजा दारात असताना विधवेकडून 'माफ केली' असे वदवून घेणारा समाज कराराच्या पावित्र्यावर कुणाला व्याख्यान देणार? माझ्या स्वतःच्या निकाहनाम्यावरचे ५०१ रुपये एकतीस वर्षे थकले होते. ते मागच्या रमजानमध्ये दिले. पत्नी हसली आणि म्हणाली, "आता त्यात एक धड साडीही येत नाही." माझ्याकडे उत्तर नव्हते. उशिरा पाळलेल्या शब्दाची घट कुणी भरून देत नाही.

आणि गाव? कोल्हापुरात १९०६ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी मुस्लिम बोर्डिंग उभे केले. तोही एक शब्दच होता, या गावाने आम्हाला दिलेला. कुरुंदवाडच्या मशिदींत गणपती बसतो, त्याचा कुठे कागद नाही, सही नाही. त्याच कोल्हापुरात ७ जून २०२३ रोजी मोबाइलवरच्या स्टेटसवरून दगड उडाले, दुकाने फुटली. पुढच्या वर्षी, १४ जुलै २०२४ रोजी, विशाळगडाच्या पायथ्याशी गजापूरला मशीद आणि घरे फोडली गेली. ज्यांची घरे फुटली त्यांचा त्या वादाशी काय संबंध होता? तेही तिसरा पक्ष. पण कोल्हापूर पुन्हा उघडले, दुकानदार एकमेकांच्या उधारीच्या वह्या पुढे चालवू लागले. कुरुंदवाडनेही आपली रीत सोडली नाही. माझ्या दृष्टीने ती वही आणि १ जानेवारीची ती यादी एकाच जातीच्या गोष्टी आहेत. विश्वास पुरता उरलेला नसतानाही माणसे ठरलेल्या दिवशी, ठरलेली गोष्ट करतात.

येत्या वर्षांत ती यादी दिली जाईल की नाही, हे मला सांगता येणार नाही. कागद एवढासा आहे, आणि राग दोन्हीकडे फार मोठा आहे. मात्र भाच्याला द्यायचे उत्तर आता माझ्याकडे आहे. बेटा, आपण वैऱ्याला पत्ता देतो तो त्याच्यावर विश्वास आहे म्हणून देत नाही. त्या पत्त्यावर माणसे राहतात, म्हणून देतो.